दाबून फिरवायचे झाकण: लहान मुलांसाठी अवघड, मोठ्यांसाठी किती?

१९६०च्या दशकात अमेरिका-कॅनडात ॲस्पिरिन साध्या झाकणाच्या बाटलीत घरोघरी असे. मुलांसाठीची संत्र्याच्या चवीची गोळी तर खाऊसारखीच लागायची. विषबाधेची मुले सतत दाखल होताना पाहणाऱ्या कॅनडातील विंडसरच्या एका बालरोगतज्ज्ञाने या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९६७ मध्ये तिथल्याच एका कारखानदाराने तळहाताने दाबून फिरवायचे झाकण तयार केले. पुढे अशा झाकणांच्या पेटंटांची रीघ लागली. कुठे बाण जुळवायचे, कुठे बाजू चेपायच्या, पण बहुतेकांत दोन वेगळ्या हालचाली एकत्र साधाव्या लागतात. दुहेरी झाकणात आटे आतल्या भागाला असतात. बाहेरचा भाग नुसता फिरवला तर दाते घसरून कटकट वाजतात. दाबला की ते आत अडकतात आणि झाकण उघडते.

अमेरिकेत १९७० च्या अखेरीस अशा झाकणांच्या सक्तीचा कायदा झाला. त्याखालची चाचणी अशी: ४२ ते ५१ महिन्यांच्या २०० मुलांना जोडीजोडीने बसवून पाच मिनिटे बाटली द्यायची, मग उघडून दाखवायची, आणखी पाच मिनिटे द्यायची. दात लावायलाही मुभा. शेवटी ८० टक्के मुलांना उघडता आली नाही, की झाकण पास. म्हणजे पाचातल्या एकाला ते उघडले तरी चालते, हे पालकांना कुणी स्पष्ट सांगत नाही.

खरा घोळ मोठ्यांच्या चाचणीत झाला. त्यासाठी निवडलेली माणसे होती १८ ते ४५ वयाची. औषधे सर्वाधिक घेणारे, संधिवाताने बोटे आखडलेले आजी-आजोबा हिशेबातच नव्हते! त्यांनी झाकणे उघडीच ठेवली, गोळ्या साध्या डब्यांत ओतल्या आणि त्या नातवंडांच्या हाती लागल्या. झाकणाच्या भरवशावर घरचे गाफील होतात, असा युक्तिवाद एका अर्थशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये केला. त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते दोष झाकणाच्या कल्पनेचा नव्हता, तर चाचणीला कुणाला बसवले याचा होता. ही चूक दुरुस्त व्हायला १९९५ उजाडले: वयोगट ५० ते ७० झाला, पहिल्यांदा उघडायला पाच मिनिटे आणि दुसऱ्यांदा फक्त एक. आता झाकणाच्या रचनेत जोरापेक्षा युक्तीला महत्त्व आले.

झाकणांचा उपयोग मात्र आकड्यांत दिसतो. १९९६ च्या एका अभ्यासानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील तोंडाने घ्यायच्या औषधांमुळे होणारे बालमृत्यू अपेक्षेपेक्षा ४५ टक्क्यांनी घटले. २०१६ मध्ये अमेरिकेत ई-सिगारेटसाठीच्या द्रव निकोटिनच्या बाटल्यांनाही ही सक्ती लागू झाली.

अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय गोळ्यांच्या बाटल्यांवर हीच झाकणे बसतात. आपल्याकडे गोळ्या बहुतेक स्ट्रिपमध्ये मिळतात, त्यामुळे हा प्रश्न कमी जाणवतो. रॉकेल आणि फिनाइल मात्र अजूनही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवले जाते, आणि तिथे कुठलेच पेटंट कामाला येत नाही.