विजेच्या गाडीचे कार्बनचे कर्ज किती किलोमीटरनंतर फिटते?

पुण्यात वर्षाला १०,००० किलोमीटर गाडी चालवणारे एखादे कुटुंब दोन पर्याय घेऊन बसले आहे असे समजू. एक, ४ लाखांत मिळणारी, पाच-सहा वर्षे वापरलेली पेट्रोल हॅचबॅक. दुसरा, १२ लाखांची नवी विजेची गाडी. दुसरा पर्याय पर्यावरणाच्या भल्याचा आणि पहिला खिशाच्या, असे आपण सहज धरून चालतो. दोन्ही बाजूंचा हिशेब कागदावर मांडला, की हे गृहीतक डळमळू लागते.

आधी पेट्रोल पाहू. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, पण ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोंहून अधिक कसे निघाले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पेट्रोलमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू येऊन चिकटतात आणि हे वाढीव वजन त्यांचेच असते. शहरात गाडीने १५ चे ॲव्हरेज दिले, तर १०० किलोमीटरला पावणेसात लिटरच्या जवळपास पेट्रोल लागते आणि साडेपंधरा किलो वायू बाहेर पडतो. तेल उपसणे, शुद्ध करणे आणि पंपापर्यंत आणणे यांचे उत्सर्जन मिळवले, की हा आकडा साडेअठरा किलोंवर जातो.

विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण १५ युनिट वीज पुरते. पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेतली बहुतांश चाकांपर्यंत पोहोचवते आणि ब्रेक लावताना थोडी परतही मिळवते. अडचण आहे ती विजेच्या उगमाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार भारतात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपली बहुतेक वीज अजूनही कोळशाची आहे. वहनातली गळती आणि कोळशाचे खाणकाम धरले, तर विजेच्या गाडीच्या १०० किलोमीटरमागे सुमारे १३ किलो वायू पडतो. म्हणजे बचत होते, पण ती साडेपाच किलोंची. जवळजवळ सगळी वीज धबधबे आणि धरणांवर करणाऱ्या नॉर्वेत हेच गणित फार वेगळे निघते.

आता गाडी घडवण्याचा खर्च. नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा पोलाद, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांच्यापायी तिच्या नावावर आधीच काही टन उत्सर्जन चढलेले असते. हेच तिचे कार्बनचे कर्ज. मध्यम बॅटरीच्या गाडीसाठी ८ टन हा अंदाज धरला, तर त्यातले अडीच टन बॅटरीचे असतात. नव्या पेट्रोल गाडीशी तुलना केली, तर फक्त हे अडीच टन फेडायचे असतात आणि १०० किलोमीटरमागच्या साडेपाच किलोंच्या बचतीतून ते सुमारे ४५,००० किलोमीटरमध्ये फिटतात. जुन्या गाडीचे कर्ज मात्र पहिल्या मालकाच्या काळातच खात्यावर पडून गेले आहे. तिच्याशी तुलना करताना पूर्ण ८ टन फेडावे लागतात आणि त्यासाठी १,४५,००० किलोमीटर चालवावे लागते. अनेक कंपन्या बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर देतात. आपले कुटुंब ८ वर्षांत ८०,००० किलोमीटर जाईल, म्हणजे हमी संपेल तेव्हा कर्ज जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक फिटलेले असेल.

या हिशेबात एक पळवाट आहे आणि ती मला फसवी वाटते. जुनी गाडी विकणारा माणूस पायी चालू लागत नाही. हाती आलेल्या पैशांत भर घालून तो बहुधा नवी गाडी घेतो. त्यामुळे जुन्या गाडीचा ग्राहकही नव्या उत्पादनाला थोडाफार हातभार लावतोच आणि तिचे कर्ज शून्य धरणे उदारपणाचे ठरते. दुसऱ्या बाजूने, वीजनिर्मिती दरवर्षी थोडी स्वच्छ होत गेली, तर विजेच्या गाडीचे उत्सर्जन तिच्या आयुष्यातच घटत जाते. पेट्रोल गाडीला ती सोय नाही. गाडी दुपारी छतावरच्या सौर पॅनेलवर चार्ज केली, तर जुन्या गाडीच्या तुलनेतले कर्जही ४५,००० किलोमीटरच्या आसपास फिटते. दिवसाची जास्तीची सौर वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा करण्याच्या सोयीने, म्हणजे नेट मीटरिंगने, बिल शून्यावर आले, तरी रात्री चार्ज होणारी गाडी प्रत्यक्षात कोळशाचीच वीज घेत असते, हे मात्र विसरू नये.

शहरातल्या हवेचा मुद्दा वेगळा आहे. विजेच्या गाडीला धुरांडे नसल्याने लक्ष्मी रस्त्यावरच्या माणसाच्या नाकात तिचा धूर जात नाही. तो चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला जातो.

पैशांचे गणित याहून रोखठोक आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि घरची वीज १० रुपये युनिट धरली, तर किलोमीटरमागे अनुक्रमे सात आणि दीड रुपये लागतात. वर्षाची बचत ५४,००० रुपयांच्या आसपास होते. किमतीतल्या फरकाचे ८ लाख रुपये ७ टक्के व्याजाच्या मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला ५६,००० रुपये मिळतात. देखभाल विजेच्या गाडीला कमी लागते. विमा आणि घसारा तिला जड जातात.

हीच गाडी वर्षाला ४०,००० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचालकाकडे दिली, तर चित्र उलटते. त्याने सार्वजनिक केंद्रावर २० रुपये युनिटने चार्ज केली, तरी किलोमीटरमागे चार रुपये वाचतात, पाच वर्षांत किमतीतला फरक भरून निघतो, आणि कार्बनचे ८ टनांचे कर्ज त्याआधीच, चौथ्या वर्षात फिटते.