ट्रिब्यूट अल्बम आणि कव्हर अल्बम : गाणी कुणाची, मान कुणाचा?

रामोन्स या न्यूयॉर्कच्या पंक (म्हणजे वेगवान, साध्या आणि बंडखोर रॉक संगीताच्या) बँडशी निगडित असलेले दोन अल्बम शेजारी ठेवले, तर वरवर पाहता दोघांची जात एकच वाटते. ‘अ‍ॅसिड ईटर्स’ डिसेंबर १९९३ मध्ये आला आणि ‘वुई आर अ हॅपी फॅमिली’ फेब्रुवारी २००३ मध्ये. दोन्हींतील गाणी आधी दुसऱ्या कुणीतरी ध्वनिमुद्रित केलेली आहेत, त्यामुळे दोन्हींना सरसकट ‘कव्हर्सचा अल्बम’ म्हटले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पहिल्या अल्बममध्ये रामोन्स इतरांची गाणी गातात. दुसऱ्यामध्ये इतर मंडळी रामोन्सची गाणी गातात. पहिला कव्हर अल्बम आहे, दुसरा ट्रिब्यूट अल्बम, म्हणजे मानवंदनेचा. गाण्यांचा प्रवास कोणत्या दिशेने झाला आहे, एवढे पाहिले की निम्मा गोंधळ मिटतो. उरलेला निम्मा मात्र तितका सरळ नाही.

कव्हर अल्बममध्ये गाणाराच केंद्रस्थानी असतो. ‘अ‍ॅसिड ईटर्स’मधील बारापैकी अकरा गाणी साठच्या दशकातील असून द हू, रोलिंग स्टोन्स, जेफरसन एअरप्लेन, लव्ह, बॉब डिलन अशा परस्परांशी फारसे न जुळणाऱ्या ठिकाणांहून ती गोळा केलेली आहेत. ‘सब्स्टिट्यूट’ या द हूच्या गाण्यात तर ते लिहिणारा पीट टाउनशेंड स्वतः मागे साथीला गातो. या बारा गाण्यांना बांधणारे सूत्र एकच : रामोन्सना ती आवडत होती. ही आवड काही १९९३ मध्ये अचानक उपटलेली नव्हती. १९७६ च्या त्यांच्या पहिल्याच अल्बममध्ये, एकोणतीस मिनिटांत बसवलेल्या चौदा गाण्यांपैकी ‘लेट्स डान्स’ हे एक उसने होते. १९७७ च्या ‘रॉकेट टु रशिया’मध्ये ‘डू यू वॉन्ना डान्स’ आणि ‘सर्फिन बर्ड’ ही दोन, तर त्यापुढच्या अल्बममध्ये ‘नीडल्स अँड पिन्स’. पंकने जुने सगळे मोडीत काढले, असे सांगण्याची जी प्रथा आहे, तिला ही यादी परस्पर उत्तर देते. कव्हर अल्बमचा खरा उपयोग असा वंशावळ दाखवण्यात असतो. बाकी ‘अ‍ॅसिड ईटर्स’ हा रामोन्सच्या उत्तम अल्बमांपैकी नाही, हेही मान्य करायला हवे. वेग सर्वत्र सारखाच ठेवल्यामुळे काही गाण्यांचा मूळ स्वभाव त्यात हरवला आहे.

ट्रिब्यूट अल्बममध्ये केंद्र बदलते. तिथे गाणारे अनेक असतात आणि मूळ एकच असते. ‘वुई आर अ हॅपी फॅमिली’वर मेटॅलिका, यू-टू, किस, ग्रीन डे, रॅन्सिड, प्रिटेंडर्स, मेरिलिन मॅन्सन आणि टॉम वेट्स आहेत, पण हे सारे एकमेकांजवळ येऊन बसले ते रामोन्समुळेच. तोवर गायक जोई एप्रिल २००१ मध्ये आणि बेस वाजवणारा, अनेक गाण्यांचा लेखक डी डी जून २००२ मध्ये गेला होता. गिटारवादक जॉनीने रॉक गायक रॉब झॉम्बीबरोबर अल्बमच्या निर्मितीची बाजू सांभाळली, आणि सोबतचा मजकूर कादंबरीकार स्टीफन किंगने लिहिला. स्वतःच्या गौरवसमारंभाची आमंत्रणे सत्कारमूर्तीने स्वतःच पाठवावीत, असा हा काहीसा अवघड प्रकार होता. परंतु जॉनीचा एकूण शिस्तप्रिय खाक्या पाहता त्याचे नवल वाटत नाही. दीड वर्षाने, सप्टेंबर २००४ मध्ये, तोही गेला.

अशा अल्बममध्ये गाणाऱ्यांची कसोटी वेगळीच लागते. रामोन्सची गाणी दोन-अडीच मिनिटांची, तीन-चार कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची) आणि जॉनीच्या सतत खालच्या दिशेने पडणाऱ्या फटक्यांवर उभी असलेली आहेत. त्यांत बदलण्याजोगे फार थोडे असते. जसेच्या तसे वाजवले तर मूळ ध्वनिमुद्रिका काय वाईट होती, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो, आणि फार बदलले तर गाणे हातातून निसटते. रॅन्सिड आणि ग्रीन डे पहिली वाट धरतात. मॅन्सन ‘द केकेके टुक माय बेबी अवे’ची चाल मंद आणि काळवंडलेली करून दुसरी वाट धरतो. माझ्या मते वेट्सची वाट सर्वांत मोकळी आहे, कारण तो आपला खरखरीत आवाज लपवण्याचा प्रयत्नच करत नाही.

पैशाच्या हिशेबात मात्र दोन्ही प्रकार एकाच नियमाखाली येतात. अमेरिकेत एखादे गाणे एकदा ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झाले, की ठरलेले मानधन भरून ते कुणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येते; अट एवढीच, की मूळ चाल आणि गाण्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. हे मानधन गाणे लिहिणाऱ्यांना आणि त्यांच्या प्रकाशकांना मिळते, मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाला नाही. म्हणून मानवंदना एखाद्या बँडच्या नावाने होत असली, तरी या मानधनात बँडमध्ये नुसत्या वाजवणाऱ्याचा वाटा नसतो. (भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा कव्हरसाठी मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यापासून पाच वर्षे थांबावे लागते. ऐंशीच्या दशकात ‘व्हर्जन’ म्हणून खपलेल्या स्वस्त कॅसेटींशी ट्रिब्यूटची गल्लत करू नये. तिथे मान देण्यापेक्षा मूळ कॅसेटपेक्षा कमी किमतीत तीच गाणी विकण्याचा हिशेब होता.)

आता सीमेवरची उदाहरणे. ओसाकाच्या शोनेन नाइफ या स्त्रियांच्या बँडने आपल्या तिसाव्या वर्षात, २०११ मध्ये, ‘ओसाका रामोन्स’ काढला. गाणारा बँड एक आणि मूळ बँडही एकच. ‘अनेक गाणारे असतील तर ट्रिब्यूट’ ही सोपी व्याख्या इथे कोलमडते, पण दिशेची कसोटी टिकते : सगळी गाणी रामोन्सकडेच परत जातात, म्हणून हा ट्रिब्यूटच. स्क्रीचिंग वीझलने १९९२ मध्ये रामोन्सचा पहिला अल्बम अथपासून इतिपर्यंत पुन्हा वाजवला आणि १९९४ मध्ये द क्वीअर्सने ‘रॉकेट टु रशिया’बाबत तेच केले, तेही याच बाजूला येतात. उलट गन्स अँड रोझेसने नोव्हेंबर १९९३ मध्ये काढलेल्या ‘द स्पगेटी इन्सिडेंट?’मध्ये डॅम्ड, यूके सब्स आणि मिसफिट्स यांची गाणी आहेत, म्हणून कुणी त्याला पंकची मानवंदना म्हणतात. पण त्यात सत्तरच्या दशकातील हार्ड रॉकही आहे आणि पन्नासच्या दशकातील एक डू-वॉप, म्हणजे अनेक आवाजांच्या मेळाने गायलेले, गाणेही आहे. तेव्हा तो कव्हर अल्बमच ठरतो.

शिवाय मान देण्यासाठी कव्हरच करावे लागते असेही नाही. मोटरहेड या ब्रिटिश रॉक बँडने १९९१ मध्ये ‘आर.ए.एम.ओ.एन.ई.एस.’ हे स्वतःचे नवे गाणे रचून रामोन्सचा गौरव केला. पुढे रामोन्सनी तेच गाणे स्वतः वाजवायला सुरुवात केली आणि ऑगस्ट १९९६ मधील हॉलिवूडच्या शेवटच्या मैफलीत मोटरहेडचा गायक लेमी त्यांच्याबरोबर मंचावर होता. वेट्सच्या बाबतीत देवघेव आणखी उघड आहे. रामोन्सच्या १९९५ मधील अखेरच्या स्टुडिओ अल्बमची सुरुवात वेट्सच्या ‘आय डोन्ट वॉन्ट टु ग्रो अप’ने होते. आठ वर्षांनी मानवंदनेच्या अल्बमवर वेट्स त्यांचे ‘द रिटर्न ऑफ जॅकी अँड जूडी’ गातो.