डिझेल इंजिनातील इंधनदोषांचे निदान (सर्व्हिसिंगनंतर)

सर्व्हिसिंग होऊन गॅरेजमधून आलेले डिझेल इंजिन सुरूच न होणे, सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडणे, मिसिंग करणे (एखादा सिलिंडर न पेटून अडखळत चालणे), ओढ कमी होणे किंवा एकाएकी धूर काढू लागणे, या तक्रारींचे मूळ इंधनव्यवस्थेत शोधण्याची रीत. एरवीच्या बिघाडापेक्षा इथले निदान वेगळे असते. गाडी आत गेली तेव्हा ठीक होती आणि बाहेर आली तेव्हा बिघडलेली होती, हा मोठा पुरावा आधीच हाती असतो. त्यामुळे पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ हा नसून ‘कुठे कुठे पाना लागला?’ हा असला पाहिजे. फिल्टर बदलला, पाइप सोडला, टाकी उतरवली, नोझल (डिझेलचा फवारा मारणारा भाग) काढले, वायर बाजूला केली : दोष बहुधा याच चार-पाच जागांपैकी एका जागी सापडतो.

सांगली जिल्ह्यात ही तक्रार दसरा-दिवाळीच्या सुमारास जोर धरते. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला येतात आणि मिस्त्रींना श्वास घ्यायला फुरसत नसते. फडातून भरून निघालेली डबल ट्रॉली चढाला थांबली तर खेप बुडते आणि तोडलेला ऊस वाळत राहतो. तासगाव, कवठे महांकाळ भागातल्या द्राक्षबागायतदाराची अडचण त्याहून घाईची असते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की दावण्याची (द्राक्षावरच्या बुरशीरोगाची) फवारणी उद्यावर ढकलता येत नाही, आणि ब्लोअर (फवारणीचे यंत्र) ओढणारा ट्रॅक्टर नेमका त्या सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवतो.

या भागाची डिझेल इंजिनाशी ओळख जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या पाठबळावर १९१० मध्ये आजच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. शेजारच्या साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही डिझेल इंजिने बनवली. विहिरीवर इंजिन बसवून मळा भिजवणाऱ्या पिढीला ‘इंजिनाने हवा धरली’ म्हणजे काय आणि ती कशी काढायची, हे मिस्त्रीला न बोलावता ठाऊक होते. विजेचे पंप आले आणि ती माहिती घरातून निघून गॅरेजपुरती उरली. आज तिची उणीव जाणवते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा दाबून तापवली जाते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. फवारा नीट पडायचा तर डिझेल प्रचंड दाबाने नोझलपर्यंत पोहोचले पाहिजे. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टर इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडते. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नव्या इंजिनात, दाब १,६०० बारच्याही पुढे जातो. टाकीतून निघालेले डिझेल फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप), फिल्टर, मुख्य पंप, उच्च दाबाचे पाइप आणि नोझल अशा वाटेने जाते आणि उरलेले रिटर्न पाइपाने परत येते.

सर्व्हिसिंगनंतरच्या दोषांत पहिला मान हवेचा. डिझेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. पाइपात बुडबुडा राहिला तर पंपाचा धक्का त्याला दाबण्यातच खर्च होतो आणि नोझलची सुई उचलतच नाही. कोरडा फिल्टर बसवून हवा न काढता सेल्फ मारला, की हे घडते. फिल्टरच्या भांड्यात उरलेल्या डिझेलवर इंजिन कधी कधी सुरू होते, मिनिट-दोन मिनिटे चालते आणि हळूहळू दम सोडून बंद पडते. ही खूण इतकी ठळक आहे की ती दिसल्यावर दुसरे काही उघडण्याआधी हवा काढून पाहावी. काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे जातो : पहिल्या फिल्टरचा हवा काढण्याचा नट ढिला करून हातपंप मारायचा, बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली की हातपंप मारता मारताच नट आवळायचा, मग दुसरा फिल्टर, मग मुख्य पंप. एवढे करूनही जुन्या पद्धतीचे इंजिन लागले नाही, तर नोझलकडचे पाइपांचे नट अर्धा-एक फेरा ढिले करून सेल्फ मारतात.

हवा काढली, गाडी चालू लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच रडगाणे, असे झाले तर हवा राहिलेली नसून रोज नव्याने शिरते आहे. चारचाकीत आणि ट्रकमध्ये टाकी पंपाच्या खालच्या पातळीला असते. फीड पंप डिझेल ओढतो तेव्हा तिथपर्यंतच्या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. अशा जागी सांधा सैल असेल तर डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच सांध्यातून हवा शिरून पाइपातले डिझेल टाकीत उतरते. ‘कुठे ओल दिसत नाही, म्हणजे लीकेज नाही’ हा निष्कर्ष इथे साफ चुकतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत मात्र टाकी वर असते, तिथे सैल सांधा थेंब टाकून स्वतःच सांगतो. न दिसणारी गळती शोधायला फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे पाहावेत. नंतर पंपाला टाकीऐवजी बाहेर टांगलेल्या स्वच्छ कॅनमधून डिझेल द्यावे. असे केल्यावर गाडी सुधारली, तर पंप-नोझल निर्दोष आहेत. दोष टाकी आणि पंप यांच्या मधल्या वाटेत आहे. या एका चाचणीला अर्धा तास लागतो आणि तिच्यामुळे पंप उगाच उघडण्याचा मोठा खर्च वाचतो.

हवा शिरण्याची कारणे बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. बॅन्जो बोल्टचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) दबलेला तांब्याचा वायसर पुन्हा वापरला जातो. फिल्टरचे जुने रबर बैठकीला चिकटून राहते आणि त्यावर नवे बसते. जुना रबरी पाइप ओढून काढताना तोंडाशी चिरतो. टाकीचा नळ अर्धवट उघडा राहणे, पाइप कुठेतरी चेपणे, टाकीच्या झाकणातले वाऱ्याचे भोक बुजणे हेही याच घरातले दोष. पण त्यांत इंजिन रिकामे छान चालते आणि ओझे पडले की दम तोडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होऊन ओढ परत आली, तर दोष झाकणातच आहे.

पाण्याचा विचार सांगलीकराने वेगळा करायला हवा. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात असंख्य वाहने पाण्याखाली उभी होती. अशा गाडीचा नुसता फिल्टर बदलून भागत नाही. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते आणि नवा फिल्टरही काही दिवसांत भरतो. फिल्टरच्या तळचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावे; खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुण्याला पर्याय नाही. पंपातला प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि त्याचे बॅरल (नळकांडे) यांच्यामधली फट काही मायक्रॉनचीच असते, माणसाचा केस तिच्या कितीतरी पट जाड. तिथे चढलेला गंज पुसून जात नाही.

नोझल काढून परत बसवले असतील, तर नोझलखालचा वायसर आधी तपासावा. जुना खड्ड्यातच राहून वर नवा बसला, तर नोझल उचललेले राहते, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि धूर येतो. वायसरच राहून गेला तर सिलिंडरातला दाब कडेने निसटून ‘चक् चक्’ आवाज येतो. कोणता सिलिंडर काम करत नाही, हे जुन्या पद्धतीच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपाचा नट क्षणभर ढिला करून कळते : ज्याचा नट सोडल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो आजारी.

कॉमन रेल इंजिनात ही युक्ती कधीही करू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते, आणि अशा माणसाला तडक दवाखान्यात न्यावे लागते. हे प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेले असायला हवे. या इंजिनांत सेल्फ मारत राहणेही घातक आहे, कारण उच्च दाबाच्या पंपाचे वंगण म्हणजे डिझेलच. तो कोरडा फिरला तर झिजून त्याचा धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत (या इंजिनांतल्या विजेवर उघडणाऱ्या नोझलपर्यंत) जातो. टाकीत विजेचा पंप असेल तिथे चावी काही वेळा चालू-बंद करून आधी पाइप भरून घेतात. फिल्टरवरच्या पाण्याच्या सेन्सरचा कनेक्टर न लावणे, किंवा नव्या इंजेक्टरचा संकेतांक स्कॅनरने कंट्रोल युनिटमध्ये (इंजिनाच्या संगणकात) न भरणे, या खास या काळातल्या चुका. स्कॅनर ‘रेलचा दाब कमी’ असे दाखवतो. तो का कमी आहे हे सांगत नाही. त्या एका ओळीवर पंप बदलणे म्हणजे ताप दिसला म्हणून थेट ऑपरेशन करण्यासारखे आहे.

धुराचा रंगही बोलतो, पण त्याचे ऐकताना इंधनाच्या बाहेरही पाहावे लागते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, आणि सर्व्हिसिंगनंतर त्याचे कारण पुष्कळदा टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या) नळीचा सैल राहिलेला क्लॅम्प असतो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो; निळा इंजिन ऑइलचा.

मुख्य पंप उतरवून परत बसवला असेल, तर टायमिंग, म्हणजे फवारा पडण्याची वेळ, पाहावेच लागते. ते पुढे सरकले तर इंजिन ठोका देते, मागे राहिले तर पांढरा धूर काढत मलूल चालते. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत स्फोटाचा क्रम १-३-४-२ असतो. रोटरी पंपावर (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणाऱ्या पंपावर) दोन पाइप अदलाबदल झाले तरी इंजिन वेडेवाकडे धावते. पंपाला हातच लागला नसेल, तर मात्र तो सर्वांत शेवटी उतरवावा. उतरवताना गिअरवर खूण करावी, उघड्या पाइपांची आणि नोझलची तोंडे लगेच झाकावीत, आणि कॅलिब्रेशनवाल्याकडे (पंप तपासून जुळवून देणाऱ्याकडे) पंपासोबत जुना फिल्टरही कापून न्यावा. कागदाच्या घड्यांत अडकलेला गंज, काळा चिकटा किंवा धातूची चकाकी पाहून पंपात काय सापडणार आहे, याचा अंदाज त्याला पंप खोलण्याआधीच येतो.