ऑर्गन म्हणजे पेटी नव्हे

संगीत नाटकांवर वाढलेल्या घरांत ऑर्गन म्हटलं की पायांनी भाता मारायची पेटीच डोळ्यांसमोर येते. म्हणून ‘बंद पडलेल्या चर्चमधला ऑर्गन परदेशात हलवला’ असं सांगितलं, तर ऐकणारा म्हणतो, त्यात काय, टेम्पोत घातला की झालं!

बॉस्टनच्या हुक बंधूंनी 1870 मध्ये जवळच्याच वोबर्न गावच्या युनिटेरियन पंथाच्या चर्चसाठी बांधलेला पाइप ऑर्गन घ्या. हे त्यांचं 553 वं वाद्य. पुढे चर्च बंद झालं. मग नळ्या, भाते, लाकडी हवापेट्या असं सगळं सुटं होऊन अटलांटिकपार बर्लिनला गेलं. जर्मनीतल्याच बाउट्झन गावच्या ऑयले या ऑर्गन-कारखान्याने ते दुरुस्त केलं आणि 2001 मध्ये बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागातल्या होली क्रॉस चर्चमध्ये उभं केलं.

पेटीत पितळी पट्टी, म्हणजे रीड, थरथरते. स्वर ठरतो तो पट्टीच्या लांबी-जाडीवर. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्या मात्र बासरीच्या जातीच्या. खालून आलेली हवा फटीतून पातळ पडद्यासारखी निघते, वरच्या ओठावर आपटते, आणि कधी नळीच्या आत तर कधी बाहेर अशी हेलकावे खाते. हेलकाव्यांचा वेग ठरवतो तो नळीतला हवेचा स्तंभ. दोन्ही टोकांना उघड्या नळीत अर्धी तरंगलांबी मावते. आठ फूट म्हणजे 2.44 मीटर, तरंगलांबी त्याच्या दुप्पट, 4.88; ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला 343 मीटरला, 4.88 ने भागा, सुमारे 70 हर्ट्‌झ येतात. प्रत्यक्षात आठ फुटी म्हणवणारी नळी 65 च्या आसपास बोलते, कारण थरथरणारी हवा टोकाशी थांबत नाही, थोडी बाहेरही डोकावते. हे ‘टोकाचं वाढीव माप’ नळीच्या व्यासावर आणि तोंडाच्या, म्हणजे फटीपासून वरच्या ओठापर्यंतच्या, उंचीवर अवलंबून असतं. म्हणून जुन्या नळीच्या ओठाला जाणता कारागीर सहजी कानस लावत नाही. ओठ अर्धा मिलिमीटर घासला तरी आवाजाचा पोत बदलतो, आणि घासलेलं शिसं-कथील परत चिकटवता येत नाही.

बंद चर्चमध्ये भाते-झडपांचं कातडं वाळून चिरतं, ओलीने लाकूड फुगतं, एखादी झडप पुरती मिटत नाही आणि कुणी वाद्याची कळ न दाबताच एक स्वर घुमू लागतो. भुताच्या गोष्टी इथूनच निघत असाव्यात. भूत असेलच, तर त्याला आधी भात्यात हवा भरावी लागेल.

मला सगळ्यांत आवडतो तो तापमानाचा खेळ. हवा एक अंश तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. 10 अंशांवरून 25 वर गेलात तर बासरीजातीच्या नळ्या साधारण अडीच टक्के चढतात, म्हणजे शुद्ध-कोमल यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्या. याच वाद्यात काही नळ्या रीडच्याही असतात. त्या पट्टीच्या तालावर चालतात, त्यामुळे जवळपास तिथेच राहतात. उन्हाळ्यात दोघांचं फाटतं. सूर लावणारा मग शेकडो बासऱ्यांच्या मागे लागत नाही, मोजक्या रीडचा सूर त्यांच्या सुराकडे सरकवतो.

छोट्या धातूच्या नळीचा सूर तो तिच्या वरच्या कडेवर पितळी शंकू हलकेच ठोकून लावतो. आत ठोकला की कड पसरते, स्वर चढतो. पालथा बसवून ठोकला की कड आत वळते, स्वर उतरतो. पण नळी हातात धरली की ती कोमट होते आणि सूर आपोआप वर जातो. मग ती गार होईपर्यंत शंकू हातात धरून नुसतं उभं राहायचं.