नेमबाजी स्पर्धेतली साहित्य तपासणी: पात्रता, कागदपत्रं आणि आधीपासूनची तयारी

ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं, नळी सरळ वर धरायची आणि पिस्तूल सावकाश उचलायचं. वजन टेबलावरून पूर्ण उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर एअर पिस्तूल पास. त्यासाठी तीन प्रयत्न मिळतात. माझ्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत तिन्ही वेळा ट्रिगर सुटला. घरी स्प्रिंगच्या काट्यावर तोच ट्रिगर ५१० ग्रॅम दाखवत होता. तपासणाऱ्या बाईंनी पिस्तूल शांतपणे परत दिलं आणि म्हणाल्या, "स्क्रू आवळून या, मग पुन्हा रांगेत या." स्क्रू आवळला, पास झालो, पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक शॉटला बोट अडखळत होतं. महिनोन्‌महिने बोटाला लागलेली ट्रिगरची सवय मी आदल्या संध्याकाळी मोडून टाकली होती.

म्हणून ही माहिती लिहिताना माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. तपासणी स्पर्धेच्या ठिकाणी होते, पण तिची तयारी निदान सहा आठवडे आधी, आपल्या कपाटाजवळ आणि आपल्या टेबलावर करायची असते. इथले आकडे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांतले आहेत. नियमावली वेळोवेळी सुधारली जाते, त्यामुळे अर्ज करताना चालू आवृत्ती उघडून आपल्या प्रकाराचा तक्ता स्वतः वाचा. प्रशिक्षकाने तोंडी सांगितलेला आकडा कधी कधी दोन आवृत्त्या जुना असतो.

कोण भाग घेऊ शकतं

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कोणालाही परस्पर नाव देता येत नाही. प्रवेशिका आपल्या देशाच्या राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते. त्याआधी आयएसएसएफकडे नोंदणी होऊन खेळाडूला स्वतःचा ओळख क्रमांक मिळालेला असावा लागतो. पासपोर्टवर नाव जसं लिहिलं आहे, अगदी तसंच नोंदणीत हवं. एका अक्षराचा फरकही पुढे शस्त्राच्या परवान्यात अडकतो. ज्युनिअर गटासाठी जन्मतारखेचा पुरावा आणि ऑलिंपिकसारख्या स्पर्धेसाठी किमान पात्रता गुण लागतात. या दोन्ही गोष्टी राष्ट्रीय संघटना तपासते.

कागदपत्रं

सर्वांत जास्त वेळ शस्त्र नेण्याच्या परवानगीला लागतो. यजमान देशाचा तात्पुरता आयात परवाना, आपल्या देशाचा शस्त्र बाळगण्याचा आणि बाहेर नेण्याचा परवाना, आणि विमान कंपनीला आधी दिलेली लेखी सूचना, अशी ही तीन पायऱ्यांची प्रक्रिया आहे. तिन्ही ठिकाणी शस्त्राचा प्रकार, उत्पादक, कॅलिबर (म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि अनुक्रमांक लिहावा लागतो. अनुक्रमांक आठवणीतून लिहू नका. शस्त्र समोर ठेवा, उजेडात वाचा, फोटो काढा आणि त्या फोटोवरून भरा. शून्य आणि इंग्रजी ओ यांच्यातला घोळ विमानतळावर निस्तरता येत नाही. राखीव पिस्तूल नेणार असाल, तर तेही पहिल्याच अर्जात घाला.

विमानात काडतुसं चेक-इन सामानातूनच जातात. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांनुसार एका प्रवाशाला वेष्टनासह ५ किलोंची मर्यादा आहे. एअर रायफल आणि एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्यांत दारू नसल्यामुळे ते या मर्यादेत येत नाहीत, तरी त्यांची नोंद यादीत असलेली बरी. हवेचे सिलिंडर रिकामे करूनच न्यावे लागतात. ते कसे उघडे दिसायला हवेत, याची अट प्रत्येक विमान कंपनीची वेगळी असते. तिकीट काढण्याआधीच ती लेखी मागून घ्या.

आणखी एक कागद बरेच जण विसरतात, तो औषधांचा. रक्तदाबासाठी, हृदयासाठी आणि कधी अर्धशिशीसाठीही दिली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि त्याबाहेरही प्रतिबंधित आहेत. ती हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी करतात. बीजिंग २००८ मध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याची दोन पदकं, ५० मीटर पिस्तुलातलं रौप्य आणि १० मीटर एअर पिस्तुलातलं कांस्य, प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर सापडल्यामुळे काढून घेतली गेली. डॉक्टरांनी असं काही लिहून दिलं असेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज वैद्यकीय कागदांसह स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी गेला पाहिजे. आंतरराष्ट्रीय स्तरावरच्या खेळाडूने तो आंतरराष्ट्रीय महासंघाकडे करायचा, इतरांनी आपल्या देशाच्या उत्तेजक-विरोधी संस्थेकडे. सवलत मिळेलच असं धरून चालू नका. औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारा, मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

पिस्तूल: काय मोजतात

एअर पिस्तुलाचं कॅलिबर ४.५ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅम. सगळ्या जोडणीसह ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. २५ मीटरच्या पिस्तुलाला वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅम, पेटी ३०० × १५० × ५० मिलिमीटर. त्यात नळीची लांबी १५३ आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरच्या आत हवं. साइट उघडीच हवी. भिंगाची किंवा लेझरची चालत नाही. नजरेचा नंबर असेल, तर भिंग चष्म्यात बसवायचं, पिस्तुलावर नाही.

पेटीत अडकते ती बहुधा मूठ. हाताला नीट बसावी म्हणून आपण लाकडावर पुटी चढवतो, पुन्हा थोडी चढवतो, आणि एक दिवस ५० मिलिमीटरची रुंदी ओलांडून बसतो. तळहाताखालची पट्टीही आधार वाढवण्यासाठी वर वळवलेली चालत नाही. तिचा कोन ९० अंशांपेक्षा कमी भरू नये. नवी मूठ घेताना हाताचं माप देऊन थोडी घट्ट घ्या आणि घासून बसवा. पुटीचा प्रत्येक थर वाळला की पुठ्ठ्याच्या पेटीत मापून बघा. ही पेटी घरी अर्ध्या तासात होते.

ट्रिगरसाठी स्प्रिंगचा काटा विकत घेऊ नका. तपासणीत खरं वजन उचलतात, तेव्हा घरीही प्रमाणित वजनच हवं. एअर पिस्तूल तपासताना ते हवेच्या दाबासह, प्रत्यक्ष झाडताना असतं तशा अवस्थेत असावं लागतं. ड्राय-फायरच्या, म्हणजे छर्रा न झाडता सराव करायच्या खटक्यावर घेतलेलं माप वेगळं येऊ शकतं. मी ५०० ऐवजी ५२० ग्रॅमवर ट्रिगर ठेवतो. ते २० ग्रॅम बोटाला आठवडाभरात जाणवेनासे होतात आणि प्रवासात स्क्रू किंचित सरकला तरी पोटात गोळा येत नाही. सरावाच्या काळात दर पंधरा दिवसांनी एकदा वजन उचलून तारखेसह वहीत लिहा. आकडा हळूहळू घसरताना दिसला, तर स्क्रू फिरवण्याआधी कारण शोधा. बऱ्याचदा ते साचलेली धूळ किंवा घट्ट झालेलं ग्रीस असतं.

रायफल आणि कपडे

एअर रायफलीचं वजन साइट व सर्व जोडण्यांसह ५.५ किलोंच्या आत आणि यंत्रणेच्या (दस्त्याच्या नव्हे) मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत. रायफलवाल्यांची खरी कसोटी कपड्यांची असते. जॅकेट आणि पँटचं कापड एकेरी २.५ आणि दुहेरी ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको. ताठरपणा मोजताना ६० मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर कापड ठेवून मधोमध दाब देतात. तिथे कापड कमीत कमी ३ मिलिमीटर खाली गेलं पाहिजे. हातमोज्याची पुढची आणि मागची बाजू मिळून जाडी १२ मिलिमीटरच्या आत. बुटाचा तळ १० मिलिमीटरपर्यंत, आणि ठरावीक जोर लावल्यावर तो किमान २२.५ अंश वाकायला हवा.

जॅकेट, पँट आणि बूट तपासून त्यांना क्रमांकाचं सील लावतात आणि ते खेळाडूच्या नावावर नोंदलं जातं. प्रत्येकी एकच नग. सील लागलं म्हणजे कायमचं सुटलो, हा समज घातक आहे. स्पर्धेनंतरच्या तपासणीत तेच जॅकेट पुन्हा मोजलं जाऊ शकतं, आणि कॅनव्हास बदलत असतो. घाम सुकून मीठ धरलं की ते कडक होतं, थंड वातानुकूलित खोलीत आणखी कडक. सरावानंतर जॅकेट बॅगेत कोंबून ठेवू नका. रुंद हँगरवर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कोपरापाशी किंवा खांद्यापाशी शिवण उसवली, तर परस्पर ठिगळ लावू नका. जाडी तिथेच वाढते आणि बदल केलेल्या कपड्याचं सील ग्राह्य राहत नाही. नवोदितांना जुनं जॅकेट स्वस्तात मिळतं, तेव्हा मोह होतो. मात्र कोणत्या मापाच्या काळात ते शिवलं होतं, हे विचारल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय घेऊ नका.

पिस्तूल नेमबाजांना कपड्यांचा जाच कमी. घोट्याचं हाड झाकणारा बूट चालत नाही आणि शस्त्र धरणाऱ्या हाताचं मनगट मोकळं हवं, घड्याळ किंवा पट्टा नको. न नेम धरणाऱ्या डोळ्यासमोरची झापड ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. पॅरिस २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसूफ डिकेच याने साध्या चष्म्याने एअर पिस्तुलाच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्य मिळवलं. नियमांतले आकडे मर्यादा सांगतात, ती खरेदीची यादी नव्हे. पहिल्या वर्षी पैसे हाताला बसणाऱ्या मुठीवर, एकाच लॉटच्या चांगल्या छर्ऱ्यांवर आणि प्रमाणित वजनावर घाला.

सिलिंडरची तारीख

हवेच्या सिलिंडरवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. बहुतेक उत्पादक १० वर्षांची मुदत देतात, आणि सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी पूर्णपणे खेळाडूची असते. जुनी एअर रायफल घेताना नळीच्या आधी ही तारीख बघा. सुमारे २०० बारचा दाब हातात आणि गालाजवळ धरायचा असतो, म्हणून या बाबतीत मी कोणाचंही "चालतंय की" ऐकत नाही. भरताना सावकाश भरा. घाईने भरलं की हवा तापते आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. हवा कोरडी हवी. झडपेच्या रबरी रिंगला उत्पादकाने सांगितलेलंच ग्रीस लावा, घरातलं यंत्राचं तेल कधीही नाही. उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. प्रवास नसताना सिलिंडर अगदी रिकामा न ठेवता थोडा दाब राहू द्या.

नळीची निगा सोपी आहे. एअर गनला फेल्टचे छर्रे मागच्या बाजूने पुढे ढकलले की पुरतं. .२२ कॅलिबरच्या, म्हणजे काडतुसाच्या शस्त्राच्या नळीत शक्यतो मागूनच साफसफाईची दांडी घाला आणि तोंडाची कड जपा. तिथला बारीकसा ओरखडाही गोळीची दिशा बिघडवतो.

तपासणीच्या दिवशी

वेळापत्रकात आपल्या संघाला दिलेली वेळ असते. सगळं एकाच फेरीत न्या: शस्त्र, राखीव शस्त्र, कपडे, बूट, हातमोजा, झापड, चष्मा. एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल, तर तीच आधी पुढे करा, लपवून काही साधत नाही. शस्त्रात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग हवा. एअर गनमध्ये त्याची दोरी संपूर्ण नळीतून बाहेर दिसेल एवढी लांब हवी. पास झालेल्या वस्तूवर खूण किंवा स्टिकर लागतं आणि उत्पादक, अनुक्रमांक, कॅलिबर कंट्रोल कार्डावर चढतं. अनुक्रमांक तिथल्या तिथे वाचून ताडून पाहा आणि कार्ड शस्त्राच्या पेटीतच ठेवा. यानंतर मुठीवर कानस फिरवली किंवा वजनपट्टी सरकवली, तरी पुन्हा तपासणी करावी लागते.

राखीव शस्त्र तपासून ठेवण्याचं महत्त्व टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसलं. पात्रता फेरीत मनू भाकरचं एअर पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी हुकली. पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्य मिळवलं. बिघाड झाला, तर आधी शस्त्र सुरक्षित दिशेला धरून रेंज अधिकाऱ्याला खूण करायची. मग दुरुस्ती करता येते किंवा दुसरं तपासलेलं शस्त्र घेता येतं. वाढीव वेळेचा निर्णय जुरीचा, म्हणजे पंचमंडळाचा.

शेवटचा शॉट झाला तरी पेटी बंद करायची घाई नको. स्पर्धेनंतर काही खेळाडूंना चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि ट्रिगर, कपडे, बूट पुन्हा मोजतात. इथे नापास झाल्यास स्पर्धेतून थेट बाद. आपलं नाव निघालं का हे अधिकाऱ्याला विचारा, निघालं असेल तर जॅकेट अंगावरून काढून त्याच्या समोरच टेबलावर ठेवा, आणि मोकळं केल्याचं ऐकल्यावरच सिलिंडर उघडून परतीच्या प्रवासासाठी हवा सोडा.