पुस्तकं, सीडी अन् गेम पोस्टानं कमी पैशात कसे पाठवायचे : काय कशात बसते, काय लागते

आमच्या दारव्हा तालुक्यातली लय पोरं पोलीस भरती अन् तलाठीची तयारी करून राहिली, पुस्तकं या हातातून त्या हातात फिरत असतात, कोणी अमरावतीला रूम करून राहते, कोणी पुण्याला, अन् महिन्यातून एकदा तरी कोणी विचारतेच की भाऊ, पुस्तकं कशानं पाठवू, कुरिअरवाला तर दोनशे सांगून राहिला. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पोस्टात नुसत्या वजनाचे पैसे लागत नाहीत, आत काय आहे त्यावरही दर ठरते. पुस्तकाचा दर सगळ्यात कमी, पण त्याच खोक्यात सीडी नाहीतर गेम टाकला की सगळंच पार्सल झालं. तर दोन वेगळे पॅकेट करा, खर्च कमीच येते.

पुस्तकांसाठी आता जी सेवा आहे तिचं नाव ज्ञान पोस्ट. पहिले रजिस्टर बुक पोस्ट होती, ती डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा वाचनालयवाले अन् छोटे प्रकाशक हवालदिल झाले होते, मग 1 मे 2025 पासून ही सुरू झाली. दर असे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 500 पर्यंत 25, एक किलोपर्यंत 35, दोन किलोला 50, तीनला 65, चारला 80 अन् पाच किलोला 100, वरून टॅक्स वेगळा. पाच किलोच्या वर घेत नाहीत. देशात कुठंही पाठवा, दर तोच. ट्रॅकिंग होते, पण माल जमिनीवरून जाते म्हणून वेळ लागते, परीक्षा चार दिवसांवर असेल तर याच्या भरवशावर राहू नका.

यात बसते काय तर शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशी छापील पुस्तकं. पुस्तकावर छापणाऱ्याचं नाहीतर प्रकाशकाचं नाव पाहिजेच. मासिकं, जाहिरातीचे कॅटलॉग, धंद्याचे कागद चालत नाहीत. पॅकेटात चिठ्ठी टाकू नका, जे सांगायचं ते फोनवर सांगा.

झेरॉक्स नोट्सवर इथंच गाडी अडते, कारण त्यावर प्रकाशकाचं नाव नसते. त्या स्पीड पोस्टनं पाठवा. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झाली अन् 1 ऑक्टोबर 2025 पासून नवे दर आले. आमच्या इकडून अमरावती म्हणजे 200 किलोमीटरच्या आत, तर अर्धा किलो नोट्सचे 70 रुपये अन् 18 टक्के जीएसटी, म्हणजे 82 रुपये 60 पैसे. तेवढ्याच वजनाचं पुस्तक ज्ञान पोस्टनं 25 रुपये अन् टॅक्स एवढ्यात जाते, फरक पाहा. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टात 10 टक्के सूट आहे, कॉलेजचं ओळखपत्र खिशात ठेवा अन् पावती फाडायच्या आधीच सांगा.

वजन घरूनच करून न्या. मागच्या पावसाळ्यात मी इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं तर पॅकिंगसकट 1018 ग्रॅम भरलं, म्हणजे 35 च्या जागी 50. खालचा पुठ्ठा काढला, प्लास्टिकची थैली तशीच राहू दिली कारण बाहेर पाण्याची झड लागली होती, वरून पेपर गुंडाळला, तर 985 झालं. तीस-पस्तीस ग्रॅमसाठी पंधरा रुपये वाचले.

काउंटरवर पॅकेट उघडंच न्या, पुस्तक दाखवा, मग टेप लावा. वर ठळक अक्षरात ज्ञान पोस्ट लिहा. एका ठिकाणी मला सरळ सांगितलं, “असं काही नाही भाऊ, पार्सल करा.” मी शांतपणे म्हटलं, साहेब, एकदा कॉम्प्युटरवर पाहून घ्या, अन् सापडलं. नाव घेऊनच मागा. गावच्या शाखा डाकघरात जमलं नाही तर तालुक्याच्या पोस्टात जा. अर्ज-बिर्ज काही नाही, दोघांचं पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड अन् मोबाईल नंबर लागते.

सीडी, डीव्हीडी अन् गेम पार्सलमध्येच बुक करा. डिस्क दोन पुठ्ठ्यांच्या मधात घट्ट बसली पाहिजे, आत हालली की ओरखडे पडतात. बोर्ड गेमचं खोकं मोठं अन् आत हवाच जास्त असेल तर आकारावरून वजन धरतात, म्हणून पट आणि सोंगट्या काढून छोट्या खोक्यात भरा. हातात धरून खेळायच्या गेमचे सेल काढून घ्या, लिथियम बॅटरी विमानाच्या टपालात चालत नाही. अन् महागाचा गेम असेल तर विमा कराच, कारण स्पीड पोस्टात वस्तू हरवली तर भरपाई पोस्टेजच्या दुप्पट नाहीतर 1000 रुपये, यातलं जे कमी असेल तेवढीच मिळते.

अंध व्यक्तीसाठी ब्रेल पुस्तकं पाठवायची असतील तर 7 किलोपर्यंत साध्या टपालानं पोस्टेज लागतच नाही. मान्यताप्राप्त अंध संस्थेकडून किंवा संस्थेकडे जाणाऱ्या, अंधांसाठी आवाज भरलेल्या डिस्कही त्यात जातात. पॅकेटवर अंधांसाठीचं साहित्य असं लिहा, अन् ते चिकटवून पक्कं बंद करू नका.

पावती घेतल्याबरोबर तिचा फोटो काढून ज्याला पाठवलं त्याला टाका, तेरा अक्षरी नंबर त्यावरच असते अन् आमच्याकडं पावतीची शाई महिनाभरात उडून जाते.