काठावरचीच जागा हवी? बुक करायच्या आधी हे वाचा

आमचं कॅम्पग्राउंड तळ्याकाठी आहे, आणि बुकिंगचे बहुतेक मेसेज एकाच वाक्याने सुरू होतात, "अगदी पाण्याला लागून जागा द्या." आम्ही विचारतो मुलं किती वर्षांची, टेंट की आरव्ही (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी), गाडी किती लांब, तर उत्तर येतं ते नंतर बघू हो, आधी काठाची जागा पक्की करा. आणि मग अंधार पडायला लागला की तेच कुटुंब ऑफिसात, जागा बदलून द्या म्हणून. तोपर्यंत बाकीच्या जागा गेलेल्या असतात, अर्धं सामान उतरलेलं असतं, मुलं किरकिरत असतात आणि ठोकलेल्या खुंट्या परत उपटायच्या असतात. सुट्टीची पहिली संध्याकाळ यातच जाते, तुमचीही आणि आमचीही.

काठावरची जागा वाईट नाही. दिवसा फोटोत जी दिसते ती रात्री झोपायला कशी आहे हे कुणी विचारत नाही एवढंच. दुपारी जमीन तापते, पाणी त्यामानाने गार राहतं, म्हणून वारा तळ्यावरून काठाकडे येतो आणि पहिल्या रांगेतल्या टेंटला तो सरळ तोंडावर बसतो. काठाची माती मऊ किंवा रेताड, त्यात खुंटी हाताने ढकलली तरी आत जाते, म्हणजे तितक्याच सहज बाहेरही येते. रात्री थंड हवा उताराने खाली येऊन सखल जागी साचते, म्हणजे नेमकी काठावर, आणि दव पण तिथेच जास्त. सकाळी तक्रार येते, "तुमच्या जागेवर आमचा टेंट गळला." पाऊस तर पडलेला नसतो. थंडी वाजली म्हणून सगळ्या खिडक्या नि व्हेंट (हवा खेळायच्या झडपा) बंद करून झोपले, श्वासातली वाफ गार कापडावर जमली, आतून बोट लावलं तर ओघळ आणि स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू भिजलेली. दोन व्हेंट उघडे ठेवा, हा त्रास बराच कमी होतो. आणि ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊ नका, विझत आलेली सुद्धा नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो.

आवाजाचं तर लोकांना खरंच वाटत नाही. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि तिच्यावरची जरा उबदार, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबपर्यंत पोचतो. समोरच्या काठावरच्या गप्पा तुम्हाला शब्द न् शब्द ऐकू येतील, आणि तुमच्या त्यांना, हेही लक्षात असू द्या.

लहान मुलं बरोबर असतील तर आम्ही पहिली रांग देत नाही. यावरून लोक चिडतात, "पैसे आम्ही देतोय ना" म्हणतात. बरोबर आहे, पण टेंटच्या दारातून पाण्यापर्यंत चार पावलं असली की आई किंवा बाबा यातला एक जण दिवसभर पहारेकरी होतो. बुडणारं मूल बऱ्याचदा ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबत, सगळं गुपचूप, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं खेळतंय. पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे, फोन खिशात. फुगवायच्या रिंगा आणि हंस वगैरे खेळणी आहेत, लाइफ जॅकेट नव्हे, वारा आतल्या बाजूला वळला की ती मुलासकट तळ्याच्या मध्याकडे निघतात. मापाची जॅकेटं ऑफिसात आहेत, मागा, उगाच लाजू नका.

आता आरव्हीवाले. साडेतीन टनांची गाडी ओलसर गवतावर नेली की मागचं चाक रुततं, मग ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरून आणखी खड्डा करतं आणि पुढचा तास फळ्या शोधण्यात जातो. म्हणून आमच्याकडे आरव्हीच्या सगळ्या जागा खडी टाकलेल्या आणि वरच्या बाजूला आहेत, हे मुद्दाम केलंय. गाडी लेव्हल हवी ती फक्त झोपायला म्हणून नाही, गॅसवर चालणारा फ्रीज तिरपा राहिला तर नीट गार करत नाही आणि तसाच चालवला तर बिघडतोही. चाकाखाली घालायचे रॅम्प आम्ही देतो. लांबी सांगताना कागदावरची सांगू नका, मागचा सायकल रॅक, कॅरॅव्हॅनचा (गाडीमागे ओढायच्या घराचा) पुढचा दांडा सगळं धरून मोजा, आणि उंचीसुद्धा एसीच्या डब्यासकट, झाडांच्या फांद्या कागद वाचत नाहीत. विजेचं पण तेच. २३० व्होल्टला १० अँपिअरचा पॉइंट म्हणजे २३०० वॅट, किटली आणि हीटर एकदम लावले की ट्रिप होणारच, तो आमच्या वायरिंगचा दोष नाही.

आमच्याकडे नाही आलात तरी कुठलंही कॅम्पग्राउंड निवडताना फोनवर चार गोष्टी विचाराच. टॉयलेट किती लांब आणि वाटेवर रात्री दिवा आहे का (अगदी शेजारी नको, रात्रभर दार आपटतं). पाण्यात उतरायचा भाग हळूहळू खोल होतो की एकदम. टेंटच्या जागेवर वाळक्या फांद्यांचं झाड नाही ना. आरव्हीचं सांडपाणी आणि टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची, आणि प्यायच्या पाण्याचा नळ त्यापासून वेगळा आहे ना. पोचल्यावर पाण्याकडे एकदा नीट बघा, हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा, काही निळ्या-हिरव्या शेवाळात विष असतं आणि पाणी उकळलं तरी ते जात नाही. गडगडाट ऐकला की पाण्याबाहेर, टेंटमध्ये थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात नाही.

कुटुंबांना आम्ही दुसरी रांग सुचवतो. थोडी चढावर आहे, सकाळी सावली मिळते, तळं पूर्ण दिसतं, मुलांचं खेळायचं मैदान मागच्या बाजूला म्हणजे पाण्याच्या विरुद्ध दिशेला आहे, आणि दिवसा खुर्च्या घेऊन काठावर बसायला कुणाची ना नाही. एकदा तिथे राहिलेले लोक पुढच्या वेळी त्याच जागेचा नंबर सांगून बुक करतात, म्हणून सुट्टीच्या दिवसांत आधी तीच भरते, लवकर कळवलंत तर बरं. मुलं नसतील आणि वाऱ्याची सवय असेल तर पहिली रांग खुशाल घ्या, लांब खुंट्या आणा.

बुकिंगच्या मेसेजमध्ये एवढं लिहा: माणसं किती, मुलांची वयं, टेंटचं माप किंवा गाडीची पूर्ण लांबी-उंची, वीज हवी का, आणि साधारण किती वाजता पोचणार. शक्यतो उजेडात या. उशीर होणार असेल तर वाटेतून कळवा, जागा राखून ठेवतो आणि गेटपाशी कुणीतरी टॉर्च घेऊन थांबेल, पण रात्री जागा बदलून मिळणार नाही.